कापडी होडीचं सुकाणू

अहमद तांडेलांचा मुलगा अब्दुस्समद मुंबईहून नोकरी गमावून आला आणि आल्यावर त्याने अंगणात होडी बांधायला घेतली, तेव्हा मुरूडच्या बंदरावर लोकांना बोलायला चांगला विषय मिळाला. होडी लाकडाची असती तर कोणी मान वळवून पाहिलंही नसतं. ही होती कापडाची.

समद माझगावला एका गोदीच्या कारखान्यात फिटर होता. मंदी आली, बोटी दुरुस्तीला येईनाशा झाल्या, मालकांनी निम्मी माणसं घरी पाठवली. त्यांत समदही निघाला. बायको नूरबानू आणि तान्ही मुलगी यांना घेऊन दिवाळीनंतर तो बापाच्याच मचव्यातून मुरूडला उतरला. मचवा तसा बापाचा नव्हे, एका शेठचा. पण अहमद तांडेल त्यावर इतकी वर्षं होते की लोक त्याला अहमदचा मचवाच म्हणत. नारळ, सुपारी, सुकी मासळी आणि माणसं घेऊन ते मुंबईला जात आणि परत येत. त्यांच्या हाती सुकाणू असलं की बायका मचव्यात पदर पसरून निवांत झोपत.

कारखान्यात एक जर्मन इंजिनिअर होता. दर रविवारी तो लांबट, निमुळती, कापडाने मढवलेली होडी घेऊन बंदरात हिंडायचा. दोन माणसं एकामागे एक बसत आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती मारत. त्याला तो ‘कयाक’ म्हणायचा. तिची मोडलेली बरगडी एकदा समदने बदलून दिली होती, आणि तेव्हाच ती होडी त्याच्या डोक्यात बसली होती. आता हाताला काम नव्हतं, घरात बसवत नव्हतं. त्याने सागाच्या पट्ट्या तासल्या, बांबूच्या कामट्या वाकवल्या, सांधे सुंभाने आवळले. जुन्या शिडाचं कापड वरून ताणून शिवलं आणि त्याला राळ आणि तेल पाजलं. बंदरावरचे लोक येऊन बोटाने दाबून बघत आणि हसत. कोणी म्हणे उशी आहे, कोणी म्हणे पखाल.

अहमद तांडेल मात्र हसले नाहीत. ते रोज येऊन होडीच्या कडेने हात फिरवत चालत. टोकापासून टोकापर्यंत. एके दिवशी ते मागच्या टोकाशी थांबले.

“सुकाणू कुठं हाय?”

“हिला सुकाणू नसतं, अब्बा. वल्ह्यानंच वळते.”

“सुकाणू नाय तर ती होडी कसली? तराफा म्हण.”

समदला हे येणार हे ठाऊकच होतं. त्याने समजावून सांगितलं, की होडी हलकी आहे, एका अंगाला जरा कललं की वळते. सुकाणू लावलं तर ते मासेमारीच्या जाळ्यांच्या दोरांत अडकेल, पुळणीवर चढवताना मोडेल, आणि कापडाला भोकं पाडावी लागतील ती वेगळीच. तांडेलांनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, “आडवा वारा लागू दे. मग सांग मला.”

आणि तसंच झालं. पहिल्या दिवशी समद एकटाच होडी घेऊन खाडीच्या तोंडाबाहेर गेला. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून वाहत होता. किनाऱ्याला धरून तो उत्तरेला निघाला, तशी होडी आपलं नाक वाऱ्याकडे वळवू लागली. तो डाव्या हाताला न्यायला बघे, ही उजव्या हाताला किनाऱ्याकडे वळे. सगळा वेळ एकाच बाजूने वल्हं मारून मारून त्याचा खांदा भरून आला, आणि तो परतला तेव्हा पुळणीवर बसलेल्या लोकांनी त्याचं यथासांग स्वागत केलं.

घरी जेवताना तांडेल म्हणाले, “सुकाणू लाव. मागं मी बसतो. दोऱ्या माज्या हातात दे. तू नुसतं वल्हं मार.”

समदचं मन डळमळलं होतं. खांदा ठणकत होता, त्यात चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस स्वतःहून मागे बसायला तयार होता. तो हो म्हणणार, एवढ्यात आई बोलली. जैबुन्निसा होड्यांच्या बाबतीत जन्मात कधी बोलली नव्हती. नवरा समुद्रावर गेला की ती दुआ मागायची, आला की भात वाढायची. ती म्हणाली, “सुकाणू नको. वल्ह्यानं जाते ना, मग वल्ह्यानंच जाऊ दे.”

समदने चमकून तिच्याकडे पाहिलं. तांडेलांनी पाहिलं नाही. ते भात कालवत म्हणाले, “तुला काय कळतंय त्यातलं?” आणि तो विषय तिथेच संपला. आई उठून चुलीपाशी गेली.

समदने एक फळकूट तासून सुकाणू केलं. कारखान्यात शिकलेला हात होता. पितळी बिजागऱ्या बसवल्या, दोन दोऱ्या ओढल्या. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे. तांडेलांनी दोऱ्या हातात घेऊन अंगणातच सुकाणू दोनचारदा हलवून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की समदला वाटलं, बरं झालं लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. पुढे समद, मागे तांडेल. आणि समद थक्क झाला. काल हट्टी पोरासारखी वागलेली होडी आज सुतासारखी सरळ चालली होती. लाट यायच्या आधी अब्बांना ती कळत होती. एकदऱ्याच्या खडकांवर पाणी फुटत होतं, त्याचा आवाज डाव्या कानावर घेऊन त्यांनी होडी खाडीबाहेर काढली आणि मग वारा एका गालावर ठेवून ती उत्तरेला नेली. समद वल्हं मारत राहिला. इतकं मोकळं त्याला नोकरी गेल्यापासून वाटलं नव्हतं.

“अब्बा, तुमचं खरं होतं,” तो मागे न वळता म्हणाला.

“मी काय वेगळं सांगत होतो?”

बरंच पुढे जाऊन ते परत फिरले. ऊन आता चढलं होतं. वल्हं मारता मारता समदला समोर खाडीच्या तोंडाबाहेर मचवा दिसला. अब्बांचाच मचवा. एरवी तो आत खाडीत उभा असे. आज ओहोटीच्या आधी दादूने त्याला बाहेर काढून नांगरलं होतं. दादू एकदऱ्याचा कोळी, मचव्यावरचा जुना खलाशी. तो मचव्याच्या पुढच्या टोकाशी बसून काहीतरी शिवत होता.

होडी मचव्याच्या रोखाने चालली होती. समदने मनात म्हटलं, जवळून नेणार बहुतेक, दादूला दाखवायला. तो वल्हं मारत राहिला. मचवा मोठा झाला. त्याच्या फळ्यांवरचे पांढरे शिंपले दिसू लागले. नांगराचा जाड दोर पुढच्या टोकापासून तिरका पाण्यात उतरला होता, तो दिसू लागला. समदला वाटलं, आता वळवतील. तांडेलाला सुकाणू कसं धर ते कोणी सांगत नाही, आणि मुलाने तर नाहीच नाही. आता वळवतील. तो थांबला, पण होडीला वेग होता आणि ती थांबली नाही.

“अब्बा?” तो म्हणाला.

“मार, मार. पाणी चांगलं हाय,” मागून अगदी शांत आवाज आला.

तेवढ्यात दादूने मान वर केली. तो दचकून ओरडला नाही, हेच पुढे समदच्या मनातून कधी गेलं नाही. त्याने एका लयीत, रोजच्या सवयीने घालावी तशी हाळी घातली, “डावी, डावी, डावी, तांडेल!” आणि त्याच क्षणी मागची डावी दोरी खसकन ओढली गेली. ना प्रश्न, ना पाहणं. बैलाने ओळखीच्या आवाजावर वळावं तशी होडी वळली.

पण उशीर झाला होता. नांगराचा दोर समदच्या कपाळावर बसला. होडीची कूस मचव्याच्या शिंपल्यांवर खरवडत गेली आणि कापड फाटल्याचा आवाज झाला. सुकाणू दोरात अडकलं, होडी आडवी झाली आणि पाणी आत आलं. समदने एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हाताने बापाचा सदरा. दादू पाण्यात उडी टाकून त्यांच्यापाशी आलाच होता.

“तू इकडं कसा?” तांडेल पाण्यातून दादूला विचारत होते. “मचवा इथं कसा?”

“बाहेर काडला सकाली,” दादू म्हणाला. “तुमाला सांगायचा रायला, तांडेल. माजी चूक झाली.”

समदच्या डोळ्यांत कपाळावरचं रक्त उतरत होतं. मचव्याची सावली त्यांच्या तिघांच्याही अंगावर पडली होती. एवढी मोठी वस्तू. भर उन्हात. आणि अब्बा विचारत होते, मचवा इथं कसा.

पुळणीवर लोक जमले. फाटलेली होडी ओढून आणलेली पाहून कोणी म्हणालं, सुकाणू नडलं. कोणी म्हणालं, कापडाला सुकाणू लावतात का कधी? समदने मान हलवली. होय, सुकाणू नडलं. त्याचे ओठ आपोआप बोलत होते.

घरी आईने त्याच्या कपाळावर हळद दाबली. कसं लागलं, हे तिने विचारलं नाही. नूरबानूच विचारत होती. समदने तिला मुलीला घेऊन आत जायला सांगितलं आणि तो अंगणात फाटक्या होडीशेजारी बापासमोर जाऊन बसला.

“अब्बा, माझ्याकडं बघा.”

तांडेलांनी तोंड त्याच्याकडे केलं.

“काय दिसतंय?”

कोंबड्या राळेच्या डब्याभोवती टोचत होत्या. मग ते म्हणाले, “तुजे कान दिसतात.”

“आणि तोंड?”

“तोंड नाय.” त्यांनी हात वर करून समदच्या चेहऱ्यासमोर धरला, पण लावला नाही. “इथं धुरासारखं हाय. ज्याच्याकडं बघावं, तेच जातं. कडेचं राहतं. पाय दिसतात, वाट दिसते, ताट दिसतं बाजूनं बघितलं तर. पण ज्याच्याकडं बघावं, ते नाय.”

“कधीपासून?”

“दोन पावसाळे झाले. मुंबईत एका डॉक्टरला दाखवलं. मोतीबिंदू असता तर कापला असता म्हणाला. हे आतलं हाय. याला काय नाय.” ते थांबले. “तुज्या पोरीचं तोंड मी अजून बघितलं नाय, समद.”

दोन पावसाळे. याच माणसाने याच हातांनी महिन्यापूर्वी मचवा मुंबईहून आणला होता, आणि त्यात नूरबानू होती, तान्ही पोर होती. समद स्वतः डोलकाठीला टेकून घोरत होता. घरी परत चाललेल्या माणसाला येते तशी गाढ झोप लागली होती त्याला.

“दादू बोलायचा?”

“दादू पुढं बसतो. तो बोलतो, मी वळवतो. बाकी मला दर्या काय डोळ्यानं कळत नव्हता कधी. वारा हाय, लाट हाय, खडकाचा आवाज हाय. आजवर एक ओरखडा नाय पडला मचव्याला.”

“आज पडला.”

तांडेलांनी होडीच्या फाटक्या कापडावर हात ठेवला.

“आणि दादूला ताप आला तर? त्याला डुलकी लागली तर? समोरून दुसरा मचवा आला, त्यावर दिवा नसला तर?” समदचा आवाज चढला. “चाळीस चाळीस माणसं असतात अब्बा त्यात!”

“ओरडू नको,” मागून आई म्हणाली. ती दारात उभी होती. समदने वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

“तुला ठाऊक होतं.”

“मला कसं नाय कळणार? पाणी मी हातात देते त्यांच्या.” तिने दाराची चौकट धरली होती. “ते गेले की मी जेवत नाय. परत आले की जेवते. आणखी काय करू?”

तांडेल उठले. “शुक्रवारी एकदऱ्याचं वऱ्हाड न्यायचंय,” ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. “शब्द दिलाय. तो मोडता येणार नाय.” आणि सवयीच्या वाटेने, कोणाला न धडकता, होडीला वळसा घालून ते बाहेर गेले.

मधले दिवस समदला नीट आठवत नाहीत. तो दादूला जाऊन भेटला. दादू जाळं विणत बसला होता. त्याने काही नाकारलं नाही. “त्यांनी मला बोटाला धरून दर्या शिकवला,” तो म्हणाला. “मी आठ वर्सांचा होतो, बाप मेलेला. आता त्यांना मी सोडू? तूच सांग.” दादूची बायको चुलीपुढून दोघांकडे पाहत होती. तिलाही ठाऊक असावं. कोणाकोणाला ठाऊक होतं आणि कोणाला नाही, याचा त्याला आता काही भरवसाच उरला नव्हता. ज्या घरात तो वाढला त्याच्या भिंती हलवून पाहाव्यात असं त्याला होऊन गेलं होतं.

शुक्रवारी नमाजानंतर मचवा निघायचा होता. समद पुळणीवर गेला. त्याने मनाशी ठरवलं होतं, अब्बा स्वतःहून उतरले नाहीत तर आपण सगळ्यांसमोर सांगायचं. वऱ्हाड आलं. वाजंत्री आली. नवरा मुलगा बाशिंगाची पेटी मांडीवर घेऊन बसला. बायका पोरांना कडेवर घेऊन पाण्यातून चालत मचव्यावर चढल्या. आवडाबाई कोळीण सुक्या बोंबलांच्या टोपल्या रचून त्यांच्यावरच टेकली. महिन्यातून दोनदा ती मुंबईला जायची आणि तिची जागा ठरलेली होती. शेठचा मुनीम पुळणीवर छत्री घेऊन उभा होता. अहमद तांडेल आले, ‘बिस्मिल्ला’ म्हणून चढले आणि सुकाणूच्या दांड्यापाशी बसले. दादू पुढे गेला.

समदने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. बापाची पांढरी दाढी, ताठ पाठ, दांड्यावरचा हात, आणि त्या हाताकडे विश्वासाने पाहणारी माणसं. दादूने नांगराच्या दोराला हात घातला.

आणि तेव्हा गर्दी बाजूला झाली. पांढरी चादर पांघरलेली एक बाई पुळणीवरून चालत येत होती. मुरूडच्या बंदरावर अहमद तांडेलांची बायको आजवर कोणी पाहिली नव्हती. ती पाण्यात शिरली. चादर भिजली तरी थांबली नाही. गुडघाभर पाण्यात मचव्याच्या कडेशी उभी राहून तिने हाक मारली.

“समदचे अब्बा, खाली उतरा.”

वाजंत्रीवाल्याचा हात ढोलावरच राहिला.

“घरी जा,” तांडेल म्हणाले.

“खाली उतरा. तुम्हाला दिसत नाय.” मग ती माणसांकडे वळली. तिचा आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. “यांना दिसत नाय. दोन वर्षं झाली. कोणी यांच्यासंगं जाऊ नका.”

समद जागच्या जागी उभा होता. आपण पुरुष असून, मुलगा असून जे बोलू शकलो नाही, ते आई भर बंदरावर बोलली होती. मुनिमाची छत्री एका अंगाला कलली. “तांडेल, बाई काय बोलतात हे?”

सगळे तांडेलांकडे पाहत होते. ते हसून उडवून लावतील असं समदला एक क्षण वाटलं. त्यांनी उडवून लावलं असतं तर लोकांनी बाईलाच वेडी ठरवलं असतं, यात शंका नाही. तांडेलांचा हात दांड्यावरून निघाला. ते उभे राहिले आणि म्हणाले, “खरं हाय. ती खोटं बोलत नाय.”

मग जो गलका उठला तो कोणाला आवरेना. बायका पोरं घेऊन पाण्यात उतरू लागल्या. एक म्हातारी रडायलाच लागली. नवऱ्या मुलाचा बाप दादूच्या अंगावर धावला, “तुला ठावं होतं? तू आमच्यातला, तुला ठावं होतं?” आणि दादू मान खाली घालून मार खायच्या तयारीने उभा राहिला. समद आता कुठे हलला. तो पाण्यात उतरला, त्याने आईला धरलं आणि मग बापाला हात दिला. तांडेलांनी तो घेतला. तेवढ्या गर्दीतून तिघं घरी आले. वाटेत कोणी सलाम केला नाही.

वऱ्हाड दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मचव्याने गेलं. शेठने नवा तांडेल नेमला. दादूला कामावरून काढलं, तेव्हा तो भावाच्या होडीवर मासेमारीला जाऊ लागला. आणि अहमद तांडेलांनी बायकोशी बोलणं टाकलं. ती ताट वाढायची, ते जेवायचे. पण आता ती रोज वेळेवर जेवते, हे नूरबानूच्या लक्षात आलं आणि तिने समदला सांगितलं.

मग एके दिवशी दुपारी आवडाबाई आली. अंगणात उभी राहूनच तिने तोंड सोडलं.

“तांडेला, तुज्या भरवशावर मी निजायची रे! पोरं घरात ठेवून जायची मी. मेले असते तर त्यांना कोनी बघितला असता? तू?”

समद पुढे झाला, पण तांडेलांनी त्याला हाताने थांबवलं. ते ओट्यावरून उठून तिच्यासमोर उभे राहिले. तिने जे जे मनात होतं ते सगळं ऐकवलं. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी ती दमली. पदराने तोंड पुसत म्हणाली, “इतकी सालं तुज्यावानी कोनी नेला नाय. म्हनून तर जास्त राग येतो मेला.”

“तुजं बरोबर हाय, आवडाबाई,” तांडेल म्हणाले. “मी भीत होतो. दर्याला नाय. घरी बसायला.”

आतून जैबुन्निसाने पाण्याचा तांब्या आणला. आवडाबाई तो तोंडाला न लावता वरून पाणी प्यायली आणि निघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तांडेलांनी मागितलीही नव्हती माफी. पण त्या संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, “मीठ कमी हाय.” जैबुन्निसाने मीठ पुढे सरकवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

समदने होडीचं फाटलेलं कापड काढून नवं लावलं. मुंबईहून कारखान्याचा अजून काही निरोप नव्हता. मागच्या टोकाशी तो काम करत असताना अब्बा येऊन शेजारी बसले आणि त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. पितळी बिजागऱ्यांची भोकं समदने लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवायला घेतली होती.

“सुकाणू नाय लावत?”

“तुम्ही सांगा,” समद म्हणाला. हे त्याने मनापासून विचारलं होतं. नांगराच्या दोरात अडकून मोडलेलं ते फळकूट त्याने परत आणून कोपऱ्यात ठेवलं होतं. दुरुस्त होण्यासारखं होतं. आडव्या वाऱ्यात होडी वळते हेही खरंच होतं.

तांडेलांनी भोकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं.

“बुजव,” ते म्हणाले. “सुकाणू असलं की मी तेच मागणार. मला वल्हं दे. पुढं बसतो.”

“पुढं?”

“मागं बसून तू वळव. मी नुसता जोर लावतो. जोर हाय अजून.”

वारा पडलेला असताना दोघं खाडीत उतरले. तांडेल पुढे बसले. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच असं वल्हं हातात धरलं होतं. सुरुवातीला पाती पाण्यावर आपटत राहिली, दोघांची वल्ही एकमेकांत अडकली, होडी गोल फिरली आणि पुळणीवरून कोणीतरी हसलं. समदने तोंडावर आलेल्या दोन शिव्या गिळल्या. तो एका अंगाला कलला, वल्हं लांब ओढलं आणि होडी सरळ झाली. मग हळूहळू दोघांच्या हाताला एक चाल आली.

खाडीचं तोंड जवळ आलं. एकदऱ्याच्या खडकांवर पाणी फुटत होतं. समदला वाटलं, अब्बा आता कान देतील, काही सांगतील. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. पाठ ताठ होती. डोळे कुठे होते ते मागून दिसत नव्हतं.

“समद,” त्यांनी विचारलं, “समोर काय हाय?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला असेल असं समदला वाटलं नाही. दादूलाही नाही. दादू न विचारता सांगायचा. समदने वल्हं थांबवलं, नीट पाहिलं आणि सांगायला लागला. डावीकडे खडक, त्यावर दोन बगळे. मधे मोकळं पाणी. लांब कासा किल्ला, त्याच्या अलीकडे एक शीड, पांढरं, बहुतेक कोळ्यांचं. उजवीकडे काही नाही.

“बरं,” तांडेल म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.